आत्याचं तिसरं पान

आत्या, परवा तुझ्या दशक्रियेला घाटावर माझ्या हातात माइक दिला आणि मी दोन मिनिटांत तुझी बोळवण केली. म्हणालो, "आत्या मायाळू होती, कष्टाळू होती, सगळ्यांना तिनं जीव लावला." लोकांनी माना डोलावल्या. भास्करनं माइक परत घेताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो तुझा मुलगा, मी काय बोलायला हवं होतं ते त्याला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. तरी मी गोड बोलून खाली बसलो.

तुझ्या बाबतीत मी हे दुसऱ्यांदा केलं. पहिल्यांदा केलं ते दिल्लीत, सरकारी टेबलावर, आणि त्याबद्दल तुझ्याशी खोटं बोललो. मी तुला पूर्ण फसवलं असं मला इतकी वर्षं वाटत होतं. परवा कळलं की फसला होता तो फक्त मी.

सुरुवातीपासून सांगतो. तू नेहमी म्हणायचीस, "दिन्या, तुझं बोलनं निम्म्यापासून सुरू व्हतं." तेव्हा मी चिडायचो. आज नीट क्रमानं सांगायचा प्रयत्न करतो.

नाशकात वकिलीची पदवी घेऊन मी कोर्टाच्या आवारात नुसताच हिंडत होतो. तेव्हा कुणाच्या तरी ओळखीनं दिल्लीला एका समितीच्या कचेरीत कंत्राटावर जागा मिळाली. मराठी वाचता येणारा माणूस हवा होता, एवढीच माझी पात्रता. गावात मात्र तू सांगत सुटलीस की आमचा दिनू संसदेत हाय. मी सायखेड्याला आलो की लोक मला ओट्यावर बसवून राजकारणाच्या आतल्या बातम्या विचारायचे. मला काडीची बातमी नसायची, पण मी गूढ हसून गप्प बसायचो. तेवढं मला छान जमायचं.

एकदा तू मला खरंच विचारलंस, की तुमची समिती म्हणजे करते तरी काय? मी पायरीवर बसून तुझी शिकवणीच घेतली. म्हणालो, टीव्हीवर दिसतं ते सभागृह. तिथे भाषणं होतात, आरडाओरडा होतो, मग हात वर होतात आणि कायदा पास. पण काही विधेयकं त्याआधी समितीकडे पाठवतात. तिथे वेगवेगळ्या पक्षांची वीस-पंचवीस माणसं दार लावून बसतात. कॅमेरा नसतो, म्हणून जरा शहाण्यासारखी बोलतात. एकेक खंड, म्हणजे एकेक कलम, त्यातला एकेक शब्द तपासतात, अधिकाऱ्यांना बोलावून उलटसुलट विचारतात. आणि पेपरात जाहिरात देऊन लोकांनाही सांगतात, की तुमचं म्हणणं लेखी पाठवा.

तू शेवग्याच्या शेंगा मोडत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "म्हंजे याद्या करत्यात तसं."

मला आधी कळलंच नाही. तू समजावलंस. "लग्नात काय असतं रं? अक्षता टाकायच्या आन् जेवायचं. खरं काम याद्यांच्या बैठकीत. कोनी काय करायचं, कोनाचं काय, समदं बोलून, भांडून कागदावर घ्यायचं. एक गोष्ट सुटली की जल्मभर बोलनी."

मी दिल्लीत ही उपमा माझ्या नावावर दोन-तीनदा खपवली. कचेरीतल्या आमच्या साहेबांना फार आवडली होती. हेही तुला कधी सांगितलं नाही.

मग ते रोपांचं विधेयक आलं. नर्सरीवाले भेसळीची, रोगट रोपं विकून शेतकऱ्यांना बुडवतात, त्यांना चाप लावायचा, असा हेतू होता. हेतू चांगलाच होता. विधेयक आमच्या समितीकडे आलं, जाहिरात सुटली, आणि मीच तुला फोन केला. हो, मीच. म्हणालो, "आत्या, तू आयुष्यभर उळं टाकून रोपं वाढवत आलीस. कांद्याच्या रोपातलं तुझ्याएवढं कुणाला कळतं? लिही तू."

"मी काय लिव्हू? सातवी शिकलेली बाई मी."

"आपल्या भाषेत लिही. मराठीतलं मीच वाचतो इथे."

"तूच वाचनार?"

"मीच."

हे शब्द मी बोललो होतो. फोनवर माझा आवाज कसा होता, तेही मला आठवतं. चांगला फुशारकीचा होता.

विधेयकाचा मराठी मसुदा मी तुला पोस्टानं पाठवला. पंधरा दिवस तू त्यावर बसलीस म्हणे. भास्कर सांगत होता, कांदे निवडायच्या ताडपत्रीवर बसून आई एकेक ओळ बोट लावून वाचायची आणि मध्येच "हे काय लिव्हलंय मेल्यांनी" म्हणायची. आधी वहीत कच्चं लिहिलंस, मग फुलस्केप कागदावर निळ्या शाईनं पक्कं. पाच पानं. पाकिटावर समितीचा पत्ता तर लिहिलासच, वर कोपऱ्यात लिहिलंस, "दिनकरने वाचावे."

आत्या, ते पाकीट टेबलावर आलं तेव्हा मला आनंद झाला असेल असं तुला वाटलं असेल. मला लाज वाटली. बाजूच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं पाकीट उचलून हुंगलं आणि म्हणाला, "इसमें से तो प्याज की खुशबू आ रही है." सगळे हसले. मीही हसलो. कोपऱ्यातलं माझं नाव मी अंगठ्यानं झाकलं. ही माझी आत्या आहे, असं मी म्हणालो नाही. भाच्यानं आत्याच्या पत्राला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून गप्प बसलो, असं मी पुढे स्वतःला समजावलं. कारण फार देखणं होतं, पण ते मागाहून शोधलेलं.

आमची पद्धत तुला सांगायला हवी, कारण घोटाळा तिच्यातच आहे. पत्रांचे गठ्ठेच्या गठ्ठे यायचे. सदस्यांना ती सगळी वाचणं शक्य नसतं. म्हणून आम्ही एक तक्ता करायचो. पाठवणाऱ्याचं नाव, कोणता खंड, भूमिका काय आणि दोन ओळींत सारांश. भूमिकेच्या रकान्यात दोनच शब्द चालायचे, समर्थन किंवा विरोध. बहुतेक पत्रं एकाच साच्यातली असत, एकाच संघटनेनं छापून वाटलेली. त्यामुळे सगळ्यांनाच एक सवय लागली होती. पहिला परिच्छेद वाचायचा, शेवटचा वाचायचा, मधलं नजरेखालून घालायचं. कुणी ती सवय शिकवली नव्हती. हातालाच लागली.

आणि तू पत्र कसं लिहिलं होतंस? जसं तू माणसांशी बोलायचीस तसं. तुला कुणाकडे तक्रार घेऊन जायचं असलं तरी आधी त्यांच्या लेकीबाळींची चौकशी, मग चहा, मग त्यांच्या गायीचं कौतुक, आणि मग हळूच मुद्दा. उठताना पुन्हा सगळ्यांना आशीर्वाद. पत्रही तसंच. पहिलं पान: "आपण शेतकऱ्यांसाठी कायदा करीत आहात हे वाचून फार समाधान वाटले. भेसळ करणाऱ्यांना धाक बसलाच पाहिजे." शेवटचं पान: "आपण थोर माणसे आहात, योग्य तेच कराल. आपल्या कामास यश येवो."

मी पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं. मधली तीन पानं उलटली. आणि खरं सांगतो, सवयीपेक्षाही वाईट कारण होतं. मला वाटलं, आत्या काय म्हणणार हे मला माहीतच आहे. परक्याचं पत्र असतं तर कदाचित एखादी ओळ वाचलीही असती.

तक्त्यात मी लिहिलं: श्रीमती शेवंताबाई, सायखेडा, जिल्हा नाशिक. खंड: सर्वसाधारण. भूमिका: समर्थन. सारांश: विधेयकाचे स्वागत करतात. समितीच्या कार्यास शुभेच्छा देतात.

पाच पानांचं एवढंच केलं मी. त्याला चहा निवायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

काही आठवड्यांनी खंडवार बैठक झाली. मी भिंतीकडेच्या खुर्चीवर फायली घेऊन बसलो होतो. व्याख्यांचा खंड आला. 'विक्रेता' म्हणजे कोण, तर रोप देणारी कोणतीही व्यक्ती, मग ती मोबदला घेवो अगर न घेवो. एक वयस्कर सदस्य होते, विरोधी बाकावरचे. चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, "हे 'न घेवो' जरा विचित्र वाटतं. यावर कुणाचा आक्षेप आला आहे का?" साहेबांनी तक्ता चाळला. माझ्याकडेही एकदा पाहिलं. मी मान हलवली, नाही. साहेब म्हणाले, "एकही नाही, महोदय." त्या सदस्यांनी चष्मा खाली घेतला. "मग राहू द्या," म्हणाले. खंड मंजूर.

त्या माणसाला एक कागद हवा होता, आत्या. बाकीचं तो बोलला असता. तो कागद माझ्या मांडीवरच्या फायलीत होता, आणि हे मलाच माहीत नव्हतं.

अहवाल छापून सभागृहापुढे गेला. त्या दिवाळीला मी गावी आलो. फराळाची ताटली पुढे ठेवून तू विचारलंस, "वाचलं का रं त्यांनी माझं?"

"वाचलं की."

"तिसऱ्या पानावरचं? ते मेन व्हतं."

तिसऱ्या पानावर काय आहे याची मला कल्पनाही नव्हती. चकली तोंडात घालून मी म्हणालो, "वाचलं ना. चर्चासुद्धा झाली त्यावर."

"मंग काय म्हनले?"

"बघू म्हणाले."

तू पदरानं तोंड पुसलंस आणि इतकी खूश झालीस, की त्या दिवशी ओट्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलंस, "माझ्या कागदावर दिल्लीत चर्चा झाली." मी आत बसून ऐकत होतो. एक चकली मी कितीतरी वेळ खात होतो.

दिल्लीला परतल्यावर पहिल्याच दिवशी मी तुझं पत्र काढून तिसरं पान वाचलं. वाचून झाल्यावर कागद उलटा ठेवला. तेव्हाही उपाय होता, आत्या. अहवालात चूक राहिली तर शुद्धिपत्र काढता येतं. मी साहेबांच्या दारापर्यंत गेलो. आत जाऊन म्हणायचं एवढंच होतं, की एक नोंद माझ्याकडून चुकीची झाली, ती बाई समर्थक नाही, तिचा या खंडाला विरोध आहे. पण त्या महिन्यात माझं कंत्राट पुढे चालू ठेवायचं की नाही ते ठरायचं होतं. साहेबांनी विचारलं, "कुछ काम था?" मी म्हणालो, "नहीं सर, ऐसे ही." आणि टेबलावर येऊन बसलो.

पुढे सभागृहाची मुदत संपली आणि ते विधेयक मंजूर न होताच बारगळलं. मला केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, चला, कायदाच झाला नाही, म्हणजे माझ्या चुकीनं कुणाचं काही बिघडलं नाही. माझं कंत्राटही संपलं, मी नाशकात परत आलो, एका वकिलांच्या हाताखाली कागद तयार करू लागलो. दर दोन-तीन महिन्यांनी सायखेड्याला चक्कर व्हायची. त्याआधी दिल्लीहून यायचो तेव्हा सुरुवातीला प्रत्येक वेळी तू विचारायचीस, "दिनू, ते काय झालं रं पुढं?" मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचो. मग कधीतरी तू विचारायचं थांबलीस. का थांबलीस, हा प्रश्न मला पडला नाही. म्हातारी विसरली, असं मी मनात म्हणालो, आणि तुझ्या हातचं पिठलं मला जास्तच गोड लागायला लागलं.

आता परवाचं.

घाटावर पिंड ठेवले आणि कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, बाईची काही इच्छा राहिली नव्हती. मी मात्र मनातून विनवत होतो की त्यानं अडून बसावं. तो अडला असता तर कुणीतरी म्हणालं असतं, दिनू, तू पुढे हो, काहीतरी बोल. बोलावंच लागलं असतं. तू तेवढाही त्रास मला दिला नाहीस.

मग प्रवचन सुरू झालं. मी मागे पायरीवर बसलो होतो, शेजारी रावसाहेब नाना येऊन टेकले. तुझ्या बांधाला बांध असलेले, गावात ज्यांच्या शब्दाला मान आहे ते. नाना म्हणाले, "दिनकरराव, एक गोष्ट लय दिवस मनात हाय. शेवंताबाईचा मी अपराधी हाय."

मी विचारलं, कसला अपराध?

नाना सांगत गेले. अहवाल बाहेर आल्यावर काही महिन्यांनी तालुक्याहून काही मंडळी गावात आली होती, या विधेयकाला विरोध करायला. चावडीत सभा झाली. त्यांनी अहवालाची छापील प्रत आणली होती. त्यात मागे समर्थकांची यादी होती. आपल्या जिल्ह्यातून कुणी पाठिंबा दिला ते वाचा, असं म्हणून त्यांनी कागद नानांच्या हातात दिला आणि नानांनी माइकवरून वाचलं: श्रीमती शेवंताबाई, सायखेडा.

"मला काय ठाव! मी आपला वाचून गेलो. समदी चावडी तिच्याकडं बघाया लागली. तुमचा भास्कर उठला व्हता, काय तरी बोलनार व्हता. तिनं त्याचा हात धरून खाली बसवला. आन् स्वता उठून म्हनली, 'माझ्याच लिव्हन्यात काय तरी चुकलं आसंल. मी अडानी बाई. माफ करा.'"

पुढे प्रवचनकार कसलंसं वचन आळवत होते.

"लोकं वंगाळ असत्यात हो. सरकारी बाई म्हनायला लागले तिला. त्या साली तिचं रोप लय झालं व्हतं. दरसाल उरलेलं रोप न्यायला तिच्याकडं रांग. त्या साली कोनी गेलं नाय. मी बी नाय गेलो. बांधावर जुड्या बांधून ठेवल्या व्हत्या तिनं. तिथंच सुकल्या."

आत्या, मी त्या साली तुझ्याकडे आलो होतो. बांधावरच्या सुकलेल्या जुड्या मी पाहिल्या होत्या. मी विचारलंही होतं, "एवढं वाया कसं गेलं?" तू म्हणालीस, "लोकांचं स्वताचंच झालं औंदा." आणि मला वाढायला उठलीस.

भास्कर काय बोलणार होता ते नानांना अजूनही माहीत नाही. मला माहीत आहे. तो सांगणार होता की पत्र दिनूदादाकडेच गेलं होतं, त्यालाच विचारा. संध्याकाळी मी त्याला विचारलं तेव्हा तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, "आई म्हनली, पोराच्या नोकरीचं बघ. गावाचं काय, गाव इसरंल."

नानांचं बोलणं संपायच्या आत माइकवरून माझं नाव पुकारलं गेलं. दिल्लीत संसदेत काम केलेले आपल्या शेवंताबाईंचे भाचे आता दोन शब्द बोलतील. समोर तेच गाव बसलं होतं. एक वाक्य पुरे होतं. पत्र विरोधाचं होतं, ते समर्थनात मी घातलं, आत्याचं काही चुकलं नव्हतं. मी माइक धरला, घसा खाकरला आणि म्हणालो, आत्या मायाळू होती.

पहिला परिच्छेद आणि शेवटचा. मधलं सगळं पुन्हा उलटून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्यात गेलो. तू टाकलेलं उळं लावणीला आलंय. तुझ्या हातचं शेवटचं, अगदी दाट आणि सरळ उभं. भास्कर आणि त्याची बायको लागेल तेवढं उपटून बाजूला काढत होते. उरणार हे दिसतच होतं. मी न सांगता खाली बसून जुड्या बांधू लागलो. मला नीट येत नाही, जुडी सैल होते. भास्करनं माझ्या हातातून घेऊन एक-दोन पुन्हा बांधल्या, मग म्हणाला, "ऱ्हाऊ द्या तशाच." तो आपणहून माझ्याशी एवढंच बोलला, पण बोलला.

पहिल्या दोन जुड्या कुणाला द्यायच्या, मी विचारलं. तो म्हणाला, "नानांना. आई दरसाल पयलं त्यांनाच विचारायची. त्या सालानंतर बी विचारायची."

मी जुड्या घेऊन नानांच्या घरी गेलो. ते अंगणात दाढी करत होते, एका गालावर साबण होता. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. पत्र माझ्याकडे आलं होतं. मी वाचलं नाही. समर्थन मी लिहिलं. नंतर कळलं तरी दुरुस्त केलं नाही. काल माइकवरही बोललो नाही. बोलताना माझे हात जुड्यांतल्या ओल्या मातीनं भरले होते, त्यामुळे डोळे पुसायचीही सोय नव्हती.

नानांनी वस्तरा पाण्यात बुडवून बाजूला ठेवला. मला वाटलं शिवी देतील. दिली असती तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मला एकट्याला सांगून काय? त्या दिशी चावडीत जेवढी मानसं व्हती, तेवढ्यांना सांगा. मी बी उभा ऱ्हातो तुमच्यासंगं. वाचलं तर मीच व्हतं." मग टॉवेलला हात पुसून त्यांनी दोन्ही हातांनी जुड्या घेतल्या.

म्हणून हे लिहितो आहे, आत्या. येत्या ग्रामसभेत मी हे जसंच्या तसं वाचणार आहे. बोलायला उभा राहिलो तर पुन्हा गोड बोलून बसेन, माझा मला भरवसा नाही. कागदावर असलं की वाचावंच लागतं. ते विधेयक नव्या रूपात पुन्हा येणार असं म्हणतात. आलं तर गाव पुन्हा लिहील, आणि यावेळी वाचणारा कुणी दुसरा असेल, याचं मला बरं वाटतं.

तुझ्यावर मी रागावलोही आहे, हे लपवत नाही. तू मला का नाही झाडलंस? जेवायला बसवून, भाकरी वाढून, एकदा तरी म्हणायचंस, की दिन्या, तू खोटं बोललास. मी रडलो असतो, पाया पडलो असतो, दुसऱ्या दिवशी चावडीत गेलो असतो. की नसतो गेलो? तुला माझं उत्तर माहीत होतं म्हणून तू विचारायचं थांबलीस का? या एका गोष्टीवरून आपलं भांडण व्हायला हवं होतं. ते राहिलं, आणि आता मला दोन्ही बाजूंनी एकट्यालाच भांडावं लागतंय.

भास्करनं तुझी कच्ची वही दिली. तिसरं पान त्यात जसं आहे तसं इथे उतरवतो. एक शब्दही गाळलेला नाही.

"तुमच्या कागदात असे लिहिले आहे की जो रोप देईल तो मोबदला घेवो अगर न घेवो, तो विक्रेता. माझी हरकत ह्या न घेवोला आहे. एका साली गोदावरीचे पाणी मळ्यात शिरून माझे सगळे उळे वाहून गेले. चार दिवसांनी पलीकडच्या गावची एक बाई डोक्यावर रोपाच्या जुड्या घेऊन चिखलातून आली. तिचे नाव मला माहीत नव्हते. मी म्हटले तुला काय देऊ. ती म्हणाली उरलंय, सुकून जाईल, लाव. त्या रोपावर माझे ते साल निघाले. तुमच्या कायद्याने ती बाई विक्रेती होते, आणि तिने नोंद केली नाही म्हणून गुन्हेगार होते. मग पुढे कोण कशाला चिखलातून येईल. रोप उपटले की त्याला फार दिवस नसतात. तेवढ्यात तुमच्या कचेरीचा कागद मिळेल का हे तुम्हीच सांगा. फसवणाऱ्याला खुशाल शिक्षा करा, मी तुमच्या बाजूने साक्ष देईन. पण देणाऱ्याला विकणारा म्हणू नका. एवढ्या गोष्टीला माझा विरोध आहे. रागावू नये."

तक्त्यातली तुझी ओळ मी आज पुन्हा लिहिली. तिला आता कुठल्याही अहवालात जागा नाही, म्हणून तुझ्याच वहीत, त्या पानाखाली लिहिली आहे.

नाव: श्रीमती शेवंताबाई, सायखेडा, जिल्हा नाशिक. खंड: व्याख्या, विक्रेता. भूमिका: विरोध. सारांश: काढलेला नाही, मूळ पान वाचावे.